‘परक्यां’च्या बैठकीत

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलंत?’ असे विचारावे, तर उत्तर ठरलेले असते. लंडनचा मनोरा, बकिंगहॅमचा राजवाडा, मादाम तुसाँच्या मेणाच्या बाहुल्या, शेक्सपिअरचे गाव आणि सवड उरलीच तर स्कॉटलंडमधली सरोवरे. त्याच बेटाच्या पश्चिम अंगाला वेल्स नावाचा एक डोंगराळ देश आहे, त्याला स्वतःची भाषा आहे आणि ती इंग्रजीची बोली नसून इंग्रजीहून जुनी, अगदी निराळ्या कुळातली भाषा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते.

मुळात ‘वेल्स’ हे नावच मोठे चमत्कारिक! सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी बेटावरच्या जुन्या रहिवाशांना ज्या शब्दाने हाक मारली, त्या शब्दाचा अर्थ होता ‘परका’. आगंतुकांनी घरमालकालाच परका ठरवले आणि जगाने तेच नाव उचलले. ते लोक स्वतः मात्र आपल्या देशाला ‘कमरी’ म्हणतात. त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘आपल्या माणसांचा देश’.

या ‘परक्यां’चा सर्वांत मोठा उत्सव पाहण्याचा योग मला ऑगस्ट २०२४ मध्ये आला. तिथे परका होतो तो अर्थातच मी! जगात देवांचे उत्सव पुष्कळ, पिकापाण्याचे पुष्कळ, राजेरजवाड्यांचेही पुष्कळ. पण आपल्या भाषेसाठी आठ दिवस मैदानात तंबू ठोकून एका राष्ट्राने गोळा व्हावे, असा उत्सव विरळा. त्याचे नाव ‘आयस्टेदवोद’. या शब्दाच्या पोटात ‘बसणे’ हे क्रियापद आहे. तेव्हा मराठीत त्याला सरळ ‘बैठक’ म्हणावे. गाण्याची बैठक असते, तशी ही कवितेची, गाण्याची आणि भाषेची बैठक.

फिरती पंढरी

दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही बैठक भरते. एक वर्ष उत्तर वेल्समध्ये, तर एक वर्ष दक्षिणेत. तिला कायमचे गाव नाही. जणू पंढरीच दर वर्षी बिऱ्हाड हलवते! २०२४ चा मान होता पॉन्टप्रीद या दक्षिणेतल्या गावाचा. टाफ आणि रोंदा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव एके काळी दगडी कोळशावर गबर झाले होते. कोळशाने पैसा आणला, तशी बाहेरून माणसेही आणली. त्यांच्याबरोबर इंग्रजी आली आणि वेल्श भाषा हळूहळू घराघरांतून मागे सरली. पुढे खाणीही बंद पडल्या. आज त्या परगण्यात शंभरातले साधारण बारा लोकच वेल्श बोलतात. ज्या अंगणातून भाषा उठून गेली, त्याच अंगणात यंदा तिची बैठक, असा तो योग होता.

नदीकाठच्या सार्वजनिक बागेत सारा पसारा मांडलेला होता. मधोमध मोठा मंडप आणि भोवती पुस्तकांची दुकाने, विद्यापीठांचे तंबू, चित्रांचे प्रदर्शन, विज्ञानाचा तंबू, नाटकाचा तंबू आणि खाण्याच्या टपऱ्या. लाकडी बुटांचे नाच चालले होते. एका ठिकाणी एक मुलगी हार्प या तंतुवाद्यावर एक चाल वाजवीत होती आणि गाणारी मुले त्याच वेळी दुसऱ्याच चालीत कविता गात होती. नियम एवढाच, की शेवटी दोघांनी बरोबर एका ठिकाणी यायचे. समेवर टाळी देणाऱ्या आपल्या कानांना हा प्रकार समजायला दुभाष्या लागत नाही.

याच बागेत दोन पुतळ्यांचे एक स्मारक आहे. इव्हान जेम्स हा विणकर आणि जेम्स जेम्स हा त्याचा मुलगा. १८५६ साली बापाने शब्द रचले, मुलाने चाल बांधली आणि ते गाणे पुढे वेल्सचे राष्ट्रगीत झाले. आपल्याकडील वाचकांना नवल वाटेल, पण ती चाल हिंदुस्थानातही नांदते आहे. टॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी १८४१ साली चेरापुंजीला गेला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला आरंभ केला. त्या वेल्श संबंधातून खासी लोकांनीही पॉन्टप्रीदच्या विणकराच्या मुलाची ही चाल आपल्या देशगीतासाठी घेतली.

जुन्या उत्सवाचा नवा जन्म

या बैठकीचे मूळ सांगतात ते ११७६ सालचे. त्या वर्षी ऱ्हीस नावाच्या राजपुरुषाने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली आणि विजेत्यांना खुर्चीचा मान दिला. पुढे राज्य गेले. १५३६ च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी अधिकाराचे दार बंद झाले. १५८८ साली विल्यम मॉर्गन या धर्मगुरूने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले, म्हणून निदान प्रार्थनेत तरी भाषा टिकली. कवींची बैठक मात्र क्षीण होत होत खाणावळीतल्या चार टाळक्यांपुरती उरली.

तिला नवा जन्म दिला तो एका विलक्षण गवंड्याने. एडवर्ड विल्यम्स हे त्याचे नाव. पण ‘योलो मोर्गानूग’ या टोपणनावानेच तो प्रसिद्ध आहे. दगड घडवणे हा धंदा, कविता करणे हा छंद आणि अफूचा अर्क हे व्यसन! २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने दगडांचे रिंगण मांडले आणि प्राचीन ड्रुइड पुरोहितांचा विधी म्हणून एक सोहळा केला. ही परंपरा आपल्याकडे अखंड चालत आली आहे, असे तो छातीठोकपणे सांगे. १८१९ साली हा सोहळा बैठकीला जोडला गेला. पुढे विसाव्या शतकातल्या पंडितांनी जुनी हस्तलिखिते तपासली, तेव्हा उघड झाले की योलोची पुष्कळशी प्राचीनता त्याच्याच लेखणीतून उतरलेली होती.

मग वेल्श लोकांनी तो सोहळा मोडीत काढला काय? मुळीच नाही. पांढरे, निळे, हिरवे झगे घातलेली कविमंडळी आजही मिरवणुकीने येतात. भोवतीचे रिंगणाचे दगड अलीकडे गावोगाव नेता यावेत म्हणून फायबरग्लासचे केले आहेत, हे तिथला माणूस स्वतःच हसत हसत सांगतो. परदेशी पाहुणा इथे चुकण्याचा संभव असतो. झगे पाहून त्याला नाटक वाटते आणि तो छायाचित्रे काढून मोकळा होतो. पण आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. घरातला गणपती पुरातन खरा. पण मंडपातला सार्वजनिक गणपती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. पॉन्टप्रीदला याआधीची राष्ट्रीय बैठक भरली होती ती १८९३ साली, म्हणजे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मूळ धरू लागला त्याच सुमारास! उत्सव किती जुना, यापेक्षा लोक त्यात काय साठवून ठेवतात याला मोल असते.

आणि त्या काळी साठवून ठेवण्याची निकड होतीच. १८४७ साली सरकारने वेल्सच्या शाळांचा एक अहवाल छापला. तपासणीला पाठवलेल्या तिघा साहेबांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते! तरीही वेल्श भाषा हा लोकांच्या प्रगतीतला आणि नीतीतला मोठा अडथळा आहे, असा त्या अहवालाचा सूर होता. काही शाळांतून तर वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलला, की फळी त्याच्या गळ्यात. आणि दिवसाच्या अखेरीस ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याला छडी. अशा काळात, १८६१ साली, पॉन्टप्रीदपासून थोड्याच मैलांवरच्या आबरडेअर गावी पहिली राष्ट्रीय बैठक भरली. गळ्यात फळी घालणाऱ्या शतकाला ते उत्तर होते.

पाहुण्याच्या कानाला यंत्र

आता या उत्सवातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगतो. बैठकीच्या व्यासपीठावर वेल्शखेरीज दुसरी भाषा चालत नाही. १९५० साली केरफिली येथे हा नियम अमलात आला आणि आजतागायत तो पाळला जातो. पाहुणा कितीही मोठा असो, मंचावर इंग्रजी नाही.

मग माझ्यासारख्याने काय करावे? त्याची सोय आहे. मंडपाच्या दाराशी कानाला लावायचे यंत्र मिळते. मंचावर वेल्श चालू असते आणि कानात दुभाष्या हलक्या आवाजात इंग्रजीत सांगत असतो. सोय अगदी अगत्याची. पण ती पाहुण्याच्या कानापुरती. यजमान आपली भाषा सोडून पाहुण्याकडे जात नाही. पाहुणा यंत्र लावून यजमानाच्या भाषेच्या ओसरीवर येतो. पहिली दहा मिनिटे हे थोडे परकेपणाचे वाटते. मग ध्यानात येते, की इथे आपल्याला दूर ठेवलेले नाही. उलट घरातली माणसे आपापसात जशी बोलतात, तसेच बोलताना त्यांना पाहण्याचा मान आपल्याला मिळतो आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्याशी त्या अगदी मोकळेपणाने इंग्रजीत बोलल्या. त्यांचे वडील खाणीत कामाला होते. त्यांना वेल्श उत्तम येई. पण मुलीला इंग्रजी आले तरच चांगली नोकरी लागेल, म्हणून त्यांनी मुलीशी जन्मभर इंग्रजीच धरली. “नोकरी लागली,” बाई म्हणाल्या. “पण बाबा शेवटच्या दुखण्यात पुन्हा वेल्शमध्येच बोलू लागले आणि त्यांच्या उशाशी बसून मला काही कळेना. ते गेले, आणि मी पन्नासाव्या वर्षी शिकणाऱ्यांच्या वर्गात नाव घातले.” नवशिक्यांसाठी बैठकीत एक स्वतंत्र तंबू असतो, त्या दर वर्षी तिथे येतात. बरोबर आठ-नऊ वर्षांची नात होती. ती वेल्श शाळेत जाते. आजी अडखळली, की नात हळूच शब्द पुरवी. मधली एक पिढी कोरडी गेली होती, आणि पाणी पुन्हा वर चढवायला आजी-नात दोघी मिळून रहाट ओढीत होत्या.

खुर्चीचा मान

आठवड्याचा कळस म्हणजे शुक्रवारचा खुर्चीचा समारंभ. दर वर्षी नवी लाकडी खुर्ची घडवतात आणि छंदोबद्ध दीर्घ कवितेच्या स्पर्धेतल्या विजेत्याला तिच्यावर बसवतात. हे छंद काही लेचेपेचे नव्हेत. ओळीच्या पहिल्या भागात जी व्यंजने ज्या क्रमाने येतात, तीच त्याच क्रमाने दुसऱ्या भागात आणायची, अशी त्यातली एक तऱ्हा आहे. मराठीत नमुना करायचा, तर ‘घर दूर, घोर दारी’ असे म्हणता येईल: घ-र-द-र, आणि पुन्हा घ-र-द-र. हे कसब सांभाळून शेकडो ओळी लिहायच्या आणि शिवाय त्यात कविताही राहिली पाहिजे! आपले मोरोपंत तिथे नक्की रमले असते.

कविता टोपणनावाने पाठवायची असते. परीक्षक भर मंडपात तिचे गुणदोष सांगतात. एकही रचना लायक वाटली नाही, तर खुर्ची रिकामी ठेवतात. लायक ठरली, तर टोपणनाव पुकारतात, दिवे मंदावतात, तुतारी वाजते आणि ‘उभे राहावे’ अशी आज्ञा होते. हजारो माणसे माना वळवून अंधारात शोधू लागतात. तेवढ्यात कुठल्याशा रांगेत एक आकृती उभी राहते आणि तिच्यावर प्रकाशझोत पडतो. त्या दिवशी उभे राहिले ते कारविन एकली नावाचे तरुण कवी. विषय दिलेला होता ‘साखळी’; त्यांनी लिहिले होते ते लहानपणी वडील गमावल्याच्या दुःखावर. व्यासपीठावर प्रधान पुरोहिताच्या जागी होत्या मेरेरिड हॉपवुड. २००१ साली हा खुर्चीचा मान मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे याच.

मग एक भली मोठी तलवार पुढे येते. ती म्यानातून अर्धीच उपसतात आणि प्रधान पुरोहित सभेला विचारतात, ‘शांतता आहे काय?’ सारा मंडप गर्जतो, ‘हेदुख!’ म्हणजे ‘शांतता!’ असे तीन वेळा होते आणि तलवार परत म्यानात जाते. ती पूर्ण कधीच बाहेर काढीत नाहीत. शेजारच्या नातीने मला तो शब्द आधीच दोनदा घोकून घ्यायला लावला होता. त्याच्या शेवटचा घशातला ‘ख’ कसाबसा साधला. पण त्यांच्या जोडीच्या ‘एल’ने मात्र हार खाल्ली. आपला ‘ळ’ जशी परप्रांतीयांची परीक्षा पाहतो, तशी तो अक्षर परदेशीयांची पाहतो! तिसऱ्या वेळी मीही सर्वांबरोबर ओरडलो. आठ दिवसांच्या त्या उत्सवात परक्याला मिळणारी ही एका शब्दाची जागा, आणि ती पुरेशी असते.

काळी खुर्ची

खुर्च्यांच्या या परंपरेत एक खुर्ची अशी आहे, की तिचे नाव निघताच वेल्श माणूस गंभीर होतो. १९१७ सालच्या सप्टेंबरात बर्कनहेड येथे बैठक भरली होती. पहिले महायुद्ध चालू होते. विजेत्याचे टोपणनाव पुकारले गेले. कोणी उठले नाही. पुन्हा पुकारले, कोणी उठले नाही. मग सभेला सांगण्यात आले, की हा कवी ३१ जुलै रोजी रणभूमीवर पडला. त्याचे नाव एलिस इव्हान्स. कविनाम हेद विन. हा ट्रॉस्व्हिनिद गावचा मेंढपाळ होता. खुर्चीवर काळे वस्त्र पांघरण्यात आले आणि ती तशीच रिकामी त्याच्या आईबापांच्या घरी गेली. ते शेतघर आता स्मारक म्हणून जपले आहे आणि खुर्ची तिथेच आहे.

पण त्या खुर्चीची आणखी एक हकीकत आहे. ती घडवली होती युजीन व्हॅनफ्लेटरेन नावाच्या कारागिराने. हा गृहस्थ वेल्श नव्हे, इंग्रजही नव्हे. युद्धामुळे देशोधडीला लागलेला बेल्जियन निर्वासित! आणि कवी पडला तोही बेल्जियमच्याच मातीत. वेल्श भाषेचे सर्वांत पवित्र आसन एका परक्याच्या हातचे आहे, आणि हे तिथे कोणी लपवीत नाही, अभिमानाने सांगतात. पुरोहितांच्या राजचिन्हांचे आणि त्या तलवारीचे आरेखन करणारा चित्रकार ह्यूबर्ट फॉन हर्कोमर हाही जन्माने जर्मन. अमेरिकेतला विख्यात नीग्रो गायक पॉल रोब्सन याचे पारपत्र त्याच्या सरकारने अडकवले होते, तेव्हा १९५७ साली पोर्थकॉल येथे खाणकामगारांच्या बैठकीत त्याने अटलांटिकपलीकडून टेलिफोनवर गाणे म्हटले. आणि पारपत्र परत मिळताच १९५८ साली एबू व्हेलच्या राष्ट्रीय बैठकीला तो जातीने हजर राहिला. तेव्हा भाषेचा नियम कडक ठेवणारे हे लोक मनाचे कोते नाहीत. परक्याचे हात, परक्याचा गळा, परक्याचे प्रेम हे सारे त्यांना हवे आहे. आपल्या घरात आपली भाषा बोलण्याचा हक्क तेवढा ते सोडीत नाहीत.

आपल्या घरी

उत्सवाने सारे साधते असे मात्र कोणी समजू नये. १९०१ साली वेल्समधला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस वेल्श बोलत होता. २०२१ च्या खानेसुमारीत ते प्रमाण शेकडा १७.८ वर, म्हणजे सुमारे पाच लाख अडतीस हजार माणसांवर आले. वेल्श शाळा, कायदे, १९८२ पासूनची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी आणि २०५० पर्यंत दहा लाख बोलणाऱ्यांचा सरकारी संकल्प, हे सगळे असूनही ओढाताण चालूच आहे. बैठक एवढेच करते, की वर्षातून आठ दिवस त्या पाच लाखांना आपण अल्पसंख्य आहोत हे विसरायला लावते.

आपण मराठी बोलणारे २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे आठ कोटी तीस लाख. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकार जमले, तेव्हापासूनची साहित्य संमेलनाची परंपरा आपल्याजवळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आपल्या गळ्यात कोणी फळी अडकवलेली नाही. आणि तरीही आपल्या दिवाणखान्यात काय घडते ते पाहा. दहा मराठी माणसे बसलेली असतात. एक अमराठी शेजारी येतो आणि त्या क्षणी दहाही जण हिंदी किंवा इंग्रजी बोलू लागतात. त्याला आपण अगत्य म्हणतो. तो बिचारा पंचवीस वर्षे पुण्यात किंवा दादरला राहतो आणि त्याला मराठी येत नाही, म्हणून मागाहून आपणच कुरकुर करतो! त्याला मराठी ऐकायची संधी आपण कधी दिली? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली नातवंडे हे सारे पाहत असतात. आपली भाषा ही पाहुणा येताच आत नेऊन ठेवायची वस्तू आहे, हा धडा ती न शिकवता शिकतात.

वेल्श लोकांची तोड साधी आहे, आणि तिला यंत्रही लागत नाही. नऊ जणांनी मराठीतच बोलावे. दहाव्याने पाहुण्याच्या शेजारी बसून हलक्या आवाजात दुभाष्याचे काम करावे. पाहुण्याचा मान राहतो आणि घराचाही. या दिवाळीत असा कोणी शेजारी फराळाला आला, तर त्याच्या हातावर चकली ठेवताना तिचे नावही ठेवावे आणि ‘चकली’तला तो आपला खास ‘च’ त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यावा. शिकवायचे काम घरातल्या सर्वांत धाकट्यावर सोपवावे.